खाडीतल्या खेकड्याचं बी एका वर्षी खच येतंय, एका वर्षी नाहीच, समुद्रात नक्की काय होतंय?

पंचगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, पण मेव्हणा देवगड तालुक्यात खाडीकाठी राहतोय आणि त्याच्या खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येणाऱ्या खाऱ्या जमिनीत, आम्ही दोघांनी मिळून खेकड्याचं तळं केलंय. हॅचरीत तयार केलेलं बी, म्हणजे बारकी पिल्लं, तमिळनाडूतनं यायला लागतंय, महाग पडतंय, वाटेत मरतंय, म्हणून भरतीच्या पाण्याबरोबर उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातनं, जे बारकं खेकडं आपसूक आत येतं त्याच्यावर आमची बरीच मदार हाय. अडचण अशी की गेल्या साली बी लई आलं, यंदा बघायला मिळंना. गावात विचारलं तर कोण म्हणतंय पाऊस जास्त झाला, कोण म्हणतंय ट्रॉलरवाल्यांनी माद्या संपवल्या, कोण वाऱ्यावर ढकलतंय. कुणाचं खरं धरायचं कळंना.

दुसरं एक मला पहिल्यापासून पडलेलं कोडं. आपल्याकडं पावसाळ्यात ओढ्याला नायतर शेताच्या बांधावर खेकडी धरली की पोटाखालच्या झाकणात बारकी बारकी पिल्लंच वळवळत असतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. खाडीच्या खेकडीच्या पोटाखाली मात्र पिल्लू कधीच दिसत नाही. मेव्हणा म्हणतो मादी अंडी द्यायला समुद्रात जाते. ठीक हाय, पण मग ते मुंगीएवढं पिल्लू एवढ्या मोठ्या समुद्रातनं परत खाडीत येतंय कसं? आत आलं तरी ओहोटीचं पाणी दिवसातनं दोनदा बाहेर ओढतंय, त्यात ते टिकतंय कसं? कुणी अभ्यास केलेला असंल तर जरा खोलात सांगा, वरवरचं नको.

शिरोळ_ऊसवाला:
नदीच्या खेकड्याचं तेवढं सांगतो, बाकी जाणकार सांगतील. आपला नदीचा खेकडा समुद्राकडं जातच नाही. त्याची अंडी मोठी आणि मोजकी असतात, पिल्लू अंड्यातच पूर्ण तयार होतंय आणि खेकडा होऊनच बाहेर पडतंय, वर काही दिवस आईच्या पोटाखाली बसतंय. पुरात वाहून जाऊ नये म्हणून ही सोय चांगलीच हाय. आमच्या शिरोळात पुराचं पाणी आठवडा आठवडा हलत नाही, तरी पाणी उतरलं की बांधाला परत खेकडं असतातच.

रंकाळ्याजवळची:
मी कॉलेजात झूलॉजी शिकवायचे, खेकडे हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे थोडं लांबलं तर चालवून घ्या.

खाडीचा मोठा खेकडा, म्हणजे तुमच्या तळ्यात आहे तो, शास्त्रीय नाव स्कायला, याचा हिशोब नदीच्या खेकड्याच्या अगदी उलटा आहे. मादी एका वेळी लाखांनी अंडी घालते, मोठी मादी असेल तर दहा-वीस लाखांच्याही वर जातात. आधी पोटाखाली नारंगी पुंजका दिसतो, मग तपकिरी होतो, शेवटी काळपट होतो कारण आतल्या पिल्लांचे डोळे तयार झालेले असतात. त्या वेळेपर्यंत ती खाडी सोडून बाहेर खाऱ्या पाण्यात गेलेली असते. म्हणून खाडीत जाळं लावणाऱ्याला अंडी धरलेली मादी क्वचित मिळते आणि समुद्रात ट्रॉलरला मिळते. बाजारात जी लाखेची म्हणून महाग विकतात ती याच्या आधीची अवस्था, तिची अंडी अजून पोटात असतात, बाहेर आलेली नसतात.

अंड्यातून जे निघतं ते खेकड्यासारखं दिसतच नाही. त्याला झोइया म्हणतात. एक मिलिमीटरच्या आसपास लांबी, मायक्रोस्कोपखाली धरलं तर आधी दिसतात ते दोन मोठे काळे डोळे, मग पाठीवर एक लांब काटा आणि तोंडापुढे दुसरा, मागे दुभंगलेली शेपटी. ते काटे असतात म्हणून बारक्या माशाला ते गिळायला जड जातं. या झोइयाच्या पाच अवस्था, आपल्याकडच्या कोमट पाण्यात साधारण दोन-अडीच आठवडे, मग तो मेगालोपा होतो. मेगालोपा म्हणजे अर्धा खेकडा, नांग्या आलेल्या पण शेपटी अजून मागे सरळ, तीन-चार मिलिमीटरचा. तो अजून आठवडा-दहा दिवसांनी कात टाकतो आणि पहिल्यांदा खेकडा दिसायला लागतो. म्हणजे जवळजवळ महिनाभर हा जीव पाण्यात तरंगत असतो. तुम्ही ज्याला बी म्हणताय ते हा मेगालोपा नाहीतर त्याच्या पुढचा बारका खेकडा.

आता झोइयाला समुद्रातच का जावं लागतं तर खारेपण. त्याला हजारी २५ ते ३५ एवढं मीठ लागतं, १५ च्या खाली गेलं की ते मरतात. मेगालोपाला आणि पिल्लाला मात्र कमी खारं पाणी चालतं. म्हणून जन्म बाहेर, वाढ आत.

तुमचा खरा प्रश्न, परत कसा येतो. पोहून नाही येत हे पहिलं डोक्यातून काढा. झोइया जीव तोडून पोहला तरी सेकंदाला एखादा सेंटिमीटर जातो, आणि खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा ओघ सेकंदाला ५० सेंटिमीटर ते मीटरभर सहज असतो. आडवं पोहून त्याच्या बापाला जमणार नाही. पण उभं, म्हणजे वर-खाली, त्याला जमतं, पाच-सहा मीटर खोलीची खाडी तळापासून वरपर्यंत तो पाच-दहा मिनिटांत करू शकतो. आणि सगळी करामत तिथेच आहे. भरती सुरू झाली की मेगालोपा वर येतो, पाण्याबरोबर आत जातो. ओहोटी लागली की तळाला जाऊन गवताला, चिखलाला, काटकीला धरून बसतो, तळाशी ओघ कमी असतो. आपल्या गगनबावडा रोडला वडापसाठी माणसं उभी असतात ना, आपल्या बाजूला जाणारं आलं की चढतात, उलट दिशेचं आलं की रस्त्याकडेलाच थांबतात, अगदी तसं. एका भरतीत थोडं, पुढच्या भरतीत अजून थोडं, असं करत तो आत सरकतो.

त्याला कळतं कसं हे अमेरिकेत चेसापीक खाडीच्या निळ्या खेकड्यावर लई बारकाईने बघितलंय. भरती येते तसं पाणी जास्त खारं होत जातं, ते वाढणारं खारेपण हा त्याला उठायचा इशारा. मग ओघामुळे पाणी घुसळतं, ती घुसळण चालू आहे तोवर तो पोहत राहतो. भरती संपून पाणी थांबलं, घुसळण संपली, की तो खाली बसतो. त्यामुळे ओहोटीचा ओघ सुरू होतो तेव्हा तो आधीच तळाला गेलेला असतो. आणि खाडीचं पाणी लागलं की उजेडात तो वर यायचं टाळतो, म्हणून आत येणं बहुतेक रात्रीच्या भरतीला. समुद्रात असताना हेच प्राणी दिवसाढवळ्या वरच्या थरात सापडतात, म्हणजे खाडीचं पाणी लागल्यावर वागणं बदलतं. मला हे अजून थक्क करतं.

सगळे खेकडे असं करत नाहीत हेही सांगते. कांदळवनातल्या चिखलात एक नांगी मोठी असलेले छोटे खेकडे असतात, त्यांच्या माद्या अंडी फोडायला उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीच्या, आसपासची रात्रीची भरती धरतात, म्हणजे लगेचच्या ओहोटीत पिल्लं अंधारात बाहेर निघून जातात, मासे टपलेले असतात त्यांच्यापासून सुटतात. आणि काही जाती बरोबर उलट करतात, झोइया असल्यापासूनच वर-खाली करून खाडीतच राहतात, बाहेर जातच नाहीत.

खाडयेवालो:
बाईंनी सांगल्यानी ता बराबर आसा. मिया काय शिकलेलो नाय, पण खाडयेत जल्म गेलो म्हणून दिसता ता सांगतंय. उधाणाच्या रातीक, त्यातूनय अमावास्येक, उघाडयेच्या तोंडार बॅटरी मारलास काय पाण्यात बारीक कण येड्यासारखे गोल फिरताना दिसतत, ओंजळीत घेतलास तर एवढेसे डेंगे दिसतत. ताच ह्या बी. आणि रोज येणा नाय. चार रात्री काय नाय आणि पाचव्या रातीक पाण्यात नुसतो खच. भांगाच्या पाण्यार, म्हणजे अष्टमीच्या बारक्या भरतीक, कमीच.

वाऱ्याचा म्हणशात तर मतलय जोरात आसली, म्हणजे जमनीवरसून दर्याकडे वारो, तेव्हा कमी येता. दर्यावरसून वारो दोन-तीन दिवस लागून रवलो आणि त्यात उधाण गावला तर मगे बघूक नको. पण तुमच्या मेवण्याक इचारा, उघाडी रातीची उघडता काय? आमच्याकडे सगळे दिवसाची भरती घेतत आणि रातीची झोपतत. बी रातीचा जाता.

पंचगंगाकाठ:
खाडयेवाले काका, हे मेव्हण्याला लगेच सांगितलं, तो खरंच दिवसाचीच भरती घेतोय, रात्री उघाडीवर कोण जात नाही. बाई, तुमचं वाचून डोक्यात लख्ख उजेड पडला पण अजून दोन शंका. एक, मग पावसाचं काय? २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटाची धोका पातळी कुठल्या कुठं ओलांडली, तेवढाच पाऊस घाटाच्या खाली पण झाला असणार, मग त्या साली खाडीत काय झालं असंल? आणि दुसरं, मासळी मार्केटात कधीमधी अंडी बाहेर आलेली मादी येते, ती घेऊन आपल्याच तळ्यात सोडली तर? लाखानं पिल्लं होतील की.

रंकाळ्याजवळची:
मादीचं आधी. नका करू. तळ्यातलं पाणी झोइयाला पुरेसं खारं राहत नाही, राहिलं तरी त्याला खायला अतिसूक्ष्म प्राणी लागतात, हॅचरीत त्यासाठी रोटिफर आणि आर्टेमिया वेगळे वाढवतात आणि तरीही बहुतेक झोइया मरतात, म्हणून तर बी महाग आहे. अशी मादी मिळाली तर खाडीच्या बाहेर खाऱ्या पाण्यात सोडायला लावा, कुणाच्या होडीतून जमेल. तुमचं पुढचं बी तिच्याच पोटाला आहे.

आता पाऊस. गगनबावड्याच्या माथ्यावर पूर्वेला पडलेलं पाणी कुंभीतून पंचगंगेत येतं आणि बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवास करतं, पश्चिमेला पडलेलं काही तासांत वैभववाडी-खारेपाटणवरून विजयदुर्गच्या खाडीत उतरतं. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि नद्या आखूड. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये खाडीचा वरचा भाग जवळजवळ गोडा होतो. गोडं पाणी हलकं म्हणून वरून बाहेर जातं आणि खारं पाणी जड म्हणून तळातून आत शिरतं, दोन थर. थोडा पूर असेल तर तळातनं आत येणारा खारा थर उलट पिल्लांना मदतच करतो. पण पूर फार मोठा आणि फार दिवस चालला तर तो खारा थर तोंडाबाहेर ढकलला जातो, आणि भरतीला खारेपण वाढण्याचा जो इशारा सांगितला तोच हरवतो. त्या काळात बाहेर आलेले झोइया तोंडाजवळच्या गोड्या लोंढ्यात सापडले तर सरळ मरतात.

पण नुसत्या पावसावर थांबू नका, कारण बाहेरचा समुद्रही पावसाळ्यात वेगळा वागतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उलटून उत्तरेकडे. आता हिशोब करा, प्रवाह सेकंदाला १० सेंटिमीटर धरला तरी दिवसाला साडेआठ किलोमीटर होतात, २५ दिवसांत दोनशे किलोमीटरच्या वर. खरं अंतर कमी पडेल, भोवरे असतात, खोलीप्रमाणे ओघ बदलतो. पण यावरून एवढं कळतं की देवगडच्या मादीचं पिल्लू देवगडलाच परत येईल असं नाही. पावसाळ्यात सुटलेलं गोव्याकडे, कारवारकडे जाऊ शकतं, हिवाळ्यात तिकडचं तुमच्याकडे येऊ शकतं. तुमच्या खाडीतल्या माद्या सांभाळल्या तरी बी दुसऱ्याच्या खाडीवर अवलंबून, आणि दुसऱ्याचं तुमच्यावर.

अजून एक, पावसाळ्यातला वारा किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे वाहायला लागला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या उजव्या हाताला, म्हणजे किनाऱ्यापासून लांब सरकतं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. केरळ-कर्नाटकाकडे हे जोरात, आपल्याकडे कमी आणि वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण. हे खालून आलेलं पाणी खताने भरलेलं असतं म्हणून प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतं, झोइयाला खाणं मिळतं, पण ऑक्सिजन फार कमी असतो. गोव्यात कांदोळीसमोर एनआयओचे, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे, लोक १९९७ पासून ठराविक जागी पाणी तपासतायत, तिथे सप्टेंबर-ऑक्टोबरला तळाशी ऑक्सिजन जवळजवळ संपतो. अंडी धरलेली मादी त्याच शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राच्या, तळाला बसते हे लक्षात घ्या. मला ट्रॉलरपेक्षा किंवा पावसापेक्षा ही गोष्ट जास्त तपासावी वाटते.

नॉरफोकात_कोल्हापुरी:
मी मूळचा मंगळवार पेठेतला, सध्या व्हर्जिनियात, चेसापीक खाडीच्या तोंडाशीच राहतोय. बाईंनी निळ्या खेकड्याचं सांगितलं ते इथलंच. इकडं झोइया खाडीतून बाहेर शेल्फवर जातात, महिना-दीड महिना तिथं. आधी खाडीच्या पाण्याच्या लोंढ्याबरोबर दक्षिणेला ओढले जातात, उन्हाळ्यात नैऋत्येचा वारा असतो तो वरचं पाणी उत्तरेला ढकलतो म्हणून फार लांब जात नाहीत, आणि शरद ऋतूत ईशान्येचा वारा लागला की वरचं पाणी किनाऱ्याकडं आणि खाडीत लोटलं जातं, त्याच्याबरोबर मेगालोपा आत. हे पण रोज नाही, काही मोजक्या रात्रीत अख्ख्या सीझनचा मोठा हिस्सा येतो. खाडयेवाले काकांचं पाचव्या रात्रीचं वाचून मी चाट पडलो, तंतोतंत तेच.

वर्षावर्षातला फरक बघायचा तर पलीकडच्या किनाऱ्याचं ओरेगॉनचं उदाहरण घ्या. तिथं कूस बे मध्ये अॅलन शँक्स म्हणून शास्त्रज्ञ, त्यांनी दिव्याचा सापळा लावून डन्जनेस खेकड्याचे मेगालोपा वर्षानुवर्षं रोज मोजले. एखाद्या वर्षी पूर्ण सीझनला काही हजार, एखाद्या वर्षी वीस लाखांच्या वर. खाडी तीच, सापळा तोच. फरक कशानं पडतो तर वसंतात वारा फिरून खालचं पाणी वर यायचा हंगाम लवकर सुरू झाला का उशिरा, आणि प्रशांत महासागराचा थंड-गरम फेरा कुठल्या बाजूला आहे. आणि मेगालोपा किती आले यावरून चार वर्षांनी किती खेकडा पकडला जाणार याचा अंदाज लागतो. म्हणजे यंदा बी नाही याचं उत्तर तळ्यात किंवा गावात शोधून उपयोग नाही, तळ्यात दोन-तीन सेंटिमीटरचं पिल्लू दिसतंय तर ते महिना-दीड महिन्यापूर्वी खाडीत उतरलेलं आणि त्याच्या आधी महिनाभर समुद्रात असलेलं. दोन-अडीच महिने मागं जाऊन वारा, पाऊस, उधाण काय होतं ते बघा.

एक स्वस्तातलं सांगतो. इथं मेगालोपा मोजायला एसीच्या एअर फिल्टरचं जे खरबरीत जाळीदार शीट येतं ते पाईपला गुंडाळून पाण्यात टांगतात. मेगालोपाला धरायला काहीतरी लागतंच, तो त्यात अडकून बसतो. सकाळी काढून गोड्या पाण्यानं झटकायचं की खाली पडतात, पांढऱ्या ट्रेमध्ये मोजायचे. बरोबर एक रिफ्रॅक्टोमीटर घ्या, खारेपण बघायला दोन थेंब पुरतात, वरच्या पाण्याचं आणि तळाच्या पाण्याचं वेगवेगळं लिहा.

खाडयेवालो:
ह्या बरा सांगितलास. आणि एक, उघाडयेच्या भायर चिप्यांची झाडा, कांदळ, असतील ती ठेवा. बी आत येवचे आधी तेंच्याच मुळात बसता. आमच्या बाजूक एका वाडयेन बांध घालताना सगळी तोडल्यानी, मगे तळ्यात बी विकतच आणूक लागला.

रंकाळ्याजवळची:
अगदी. खाडीतल्या गवताचा, झाडपाल्याचा वास पाण्यात असला की मेगालोपा लवकर कात टाकून खेकडा होतो हेही निळ्या खेकड्यात दिसलेलं आहे. तो वास नसेल तर तो थांबून राहतो, आणि जेवढा थांबेल तेवढा कुणाच्या तरी तोंडात जायची शक्यता जास्त.

वहीत चार रकाने पुरे, तिथी, वाऱ्याची दिशा, वरचं-तळाचं खारेपण, शीटवर किती सापडले. दोन पावसाळे निघाले तरी तुमच्या खाडीबद्दल तुम्हाला जे कळेल ते आत्ता कुणालाच माहीत नसेल. मला पाठवत जा, आलेख मी काढून देते.

पंचगंगाकाठ:
बाई, नक्की पाठवतो. शाहूपुरीत एसीवाल्याकडं शीट मिळालं, रिफ्रॅक्टोमीटर ऑनलाइन मागवलाय. अमावास्येच्या आधी गगनबावड्यानं खाली उतरतोय, मेव्हण्यानं रात्रीच्या भरतीला उघाडी उघडायला गडी पण ठरवलाय. शेवटचं विचारतो, ते शीट उघाडीच्या आत टांगू का बाहेर, आणि किती खोल?

नॉरफोकात_कोल्हापुरी:
बाहेर. आणि खांबाला घट्ट बांधू नका, तुमच्याकडं उधाणाला दोन-अडीच मीटर पाणी चढतंय-उतरतंय, ओहोटीला शीट उघडं पडून वाळंल. रिकाम्या कॅनचा फ्लोट करून त्याला खाली लटकवा, वरच्या टोकाला पाणी जेमतेम चाटलं पाहिजे, खाली थोडं वजन. पाण्याबरोबर वर-खाली होत राहील.

खाडयेवालो:
आणि दोरी लांब ठेवा, उधाणाक कमी पडता. कॅनाक रंग मारा लाल, नायतर राती होडयेवालो कोणतरी घेवन जायत.